परिचारिकेची पदवी आणि पुढची पायरी



आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज एक प्रश्न उभा आहे, आणि तो बहुधा जेवणाच्या पंगतीला किंवा रात्री दिवा मालवण्यापूर्वी निघतो. मुलीने बारावीनंतर चार वर्षे कष्ट करून बी. एस्सी. नर्सिंगची पदवी मिळविली. तिच्यासाठी आईने अंगावरचे किडूकमिडूक मोडले, वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली. आता मुलगी म्हणते, "मला आणखी शिकायचे आहे." घरातील वडीलमंडळी म्हणतात, "शिकलीस ते पुरे झाले. नोकरी लाग, घराला हातभार लाव, पुढच्या वर्षी स्थळे पाहू." दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या आहेत. घरची ओढाताण खोटी नाही आणि मुलीची आकांक्षाही खोटी नाही. परंतु असा निर्णय केवळ ओढाताणीकडे पाहून घेऊ नये. पुढचा मार्ग कोणता, तो कोठे जातो आणि त्यास काय लागते, हे जाणून मगच तो घ्यावा. ते सांगावे एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे.

प्रथम एका कटू गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. परिचर्येचा व्यवसाय आपल्या देशात कधी पूर्ण मानाने पाहिला गेला नाही. परक्याच्या देहास हात लावणे, त्याची मलमूत्रे काढणे, जखमा धुणे ही कामे विटाळाची, म्हणून ती हलक्या मानलेल्यांची, असा या समाजाचा हिशेब होता. तो हिशेब आपल्याइतका दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? म्हणूनच आपल्यातील काही सुशिक्षित गृहस्थ मुलगी परिचारिका झाली हे सांगताना आवाज किंचित खाली आणतात. त्यांनी सावित्रीबाई फुले यांचे अखेरचे दिवस आठवावेत. १८९७ साली पुण्यास प्लेगची साथ आली, तेव्हा डॉक्टर झालेल्या आपल्या पुत्राच्या, यशवंताच्या, दवाखान्यात त्या स्वतः रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, आणि त्याच साथीत त्यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. ज्या हातांनी मुलींच्या शाळेचे दार उघडले, त्याच हातांनी रोग्याचे अंथरूण आवरले. त्या हातांचा वारसा सांगताना आवाज खाली आणण्याचे कारण काय?

मात्र एका चुकीतून सुटताना दुसऱ्या चुकीत पडू नये. सेवेची थोरवी गाऊन सेविकेस जन्मभर तळच्या पायरीवर बसविण्याची युक्तीही जुनीच आहे. "सेवा हाच तुमचा धर्म" असे ज्यांस सांगितले गेले, त्यांस अधिकार मात्र मिळाले नाहीत. ज्या व्यवसायात आपल्या मुली मोठ्या संख्येने जात आहेत, त्या व्यवसायाच्या वरच्या पायऱ्या कोणत्या आणि त्यांवर कोण चढते, हे आपण विचारलेच पाहिजे.

अशा वरच्या पायऱ्यांपैकी एक म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर. हे नाव आपल्याकडे अजून फारसे रुळलेले नाही. नेहमीची परिचारिका डॉक्टरांनी सांगितलेले उपचार करते व रोग्यावर लक्ष ठेवते. नर्स प्रॅक्टिशनर ही त्यापुढे जाऊन रोग्याची पद्धतशीर तपासणी करते, तपासण्यांचे निष्कर्ष वाचते, प्रकृतीतील बदलाचा अर्थ लावते आणि ठरवून दिलेल्या मर्यादेत उपचाराचा निर्णय घेते. या कल्पनेचा उगम अमेरिकेत झाला. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचर्येच्या प्राध्यापिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून असा पहिला शिक्षणक्रम सुरू केला. कारण साधे होते. गरिबांच्या वस्त्यांत व खेड्यांत मुलांना पाहण्यास डॉक्टर पुरत नव्हते, आणि अनुभवी परिचारिका तेथे आधीपासूनच काम करीत होत्या. ज्या हातांना काम येत होते, त्यांस अधिक ज्ञान व त्याबरोबर अधिकार द्यावा, एवढाच तो विचार होता.

आपल्या देशात हा विचार बराच उशिरा आला. २०१६ साली केंद्र सरकारचे आरोग्य मंत्रालय व भारतीय परिचर्या परिषद यांनी अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर शिक्षणक्रम पुढे आणला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास एन. पी. सी. सी. म्हणतात. पूर्ण केल्यावर एम. एस्सी. नर्सिंगची पदवी मिळते.

या शिक्षणक्रमापर्यंत जाण्याचा रस्ता आपण नीट समजून घ्यावा. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय घेऊन चार वर्षांची बी. एस्सी. नर्सिंग, हा सरळ रस्ता होय. ज्यांनी तीन वर्षांचा जी. एन. एम. हा पदविका शिक्षणक्रम केला, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. त्यांस दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी. एस्सी. करून त्याच दारापाशी येता येते. परंतु पदवी हाती आली म्हणजे काम झाले असे समजू नये. राज्याच्या परिचर्या परिषदेत परिचारिका व प्रसाविका म्हणून नोंदणी झालेली असणे अवश्य आहे. त्यानंतर किमान एक वर्ष प्रत्यक्ष रुग्णसेवेचा अनुभव हवा, आणि तो अतिदक्षता विभागातील असेल तर उत्तम. पदवी परीक्षेत सरासरी ५५ टक्के गुणांची अट आहे. म्हणून आपली मुलगी अजून पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात असेल, तर "नुसते पास झाले की पुरे" हे वाक्य घरात उच्चारू नका. त्या एका वाक्याने पुढचे दार बंद होऊ शकते.

हा शिक्षणक्रम दोन वर्षांचा व निवासी स्वरूपाचा आहे. त्यातील मोठा भाग वर्गात जात नाही, तो रुग्णशय्येजवळ जातो. प्रगत शरीरविकृतिशास्त्र, प्रगत औषधशास्त्र, रोग्याची प्रगत तपासणी, संशोधनाचा व्यवहारात उपयोग, नेतृत्व व अध्यापन हे विषय शिकवून झाल्यावर हृदय, फुप्फुसे, मेंदू, मूत्रपिंड इत्यादींच्या गंभीर विकारांतील परिचर्या शिकविली जाते. कृत्रिम श्वसनयंत्र कसे लावावे, त्यावरील रोग्यास केव्हा व कसे मोकळे करावे, रक्तातील वायूंच्या तपासणीचा अर्थ काय, हृदयाचा आलेख काय सांगतो, हे तेथे हातांनी शिकावे लागते. एक प्रबंधही लिहावा लागतो.

येथे एक गोष्ट आपण विशेष ध्यानात ठेवावी. हा निवासी शिक्षणक्रम असल्यामुळे विद्यार्थिनी रुग्णालयाचे कामही करीत असते. जी आधीच सेवेत आहे, तिला तिचे नेहमीचे वेतन मिळावे आणि जी बाहेरून आली, तिला त्या रुग्णालयाच्या वेतनश्रेणीप्रमाणे वेतन मिळावे, अशी तरतूद परिषदेच्या नियमावलीत आहे. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वीच महाविद्यालयास लेखी विचारा की हे वेतन मिळते काय व किती. जे नियमात आहे ते मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. तोंडी आश्वासनावर मात्र विसंबू नका.

दुसरा मार्ग प्रसूतिसेवेचा आहे. केंद्र सरकारने २०१८ साली प्रसाविका सेवांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी असे नवे पद कल्पिले. तत्पूर्वी २०१७ साली तेलंगण राज्याने या दिशेने प्रत्यक्ष प्रशिक्षण सुरू केले होते. हे प्रशिक्षण १८ महिन्यांचे आहे. १२ महिने शिक्षण व ६ महिने प्रत्यक्ष उमेदवारी असा त्याचा क्रम असून ते पदव्युत्तर पदवी म्हणून नव्हे, तर पदविका म्हणून गणले जाते. नैसर्गिक बाळंतपण सन्मानाने व सुरक्षितपणे पार पाडणे, अकारण शस्त्रक्रिया टाळणे आणि धोका दिसताच वेळीच डॉक्टरांकडे पाठविणे हे या प्रसाविकेचे काम. हा मार्ग मुख्यतः सरकारी सेवेतील अनुभवी परिचारिकांसाठी आखलेला आहे. म्हणून जी भगिनी जिल्हा रुग्णालयात किंवा ग्रामीण रुग्णालयात प्रसूतिकक्षात काम करते, तिने आपल्या अधिसेविकेकडे या प्रशिक्षणाची चौकशी अवश्य करावी. खेड्यापाड्यांत बाळंतिणीच्या उशाशी सुईण म्हणून आपल्याच आज्या-पणज्या बसत होत्या. त्यांच्या हातातील कौशल्यास कोणी विद्या म्हटले नाही आणि त्यांस प्रमाणपत्रही दिले नाही. त्यांच्या नातीने ते प्रमाणपत्र मिळवावे, यात औचित्य आहे.

या दोन मार्गांशी इतर गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका. नेहमीची एम. एस्सी. नर्सिंग हीसुद्धा दोन वर्षांचीच असते. वैद्यकीय-शल्य, बालरोग, प्रसूति व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य अशा तिच्या शाखा आहेत. ती केलेल्या व्यक्तीस पाठनिर्देशिका, प्राध्यापिका व पुढे प्राचार्या होता येते. ज्या मुलीस शिकविण्याची आवड आहे, तिच्यासाठी तोच मार्ग योग्य. समुदाय आरोग्य अधिकारी हे तिसरेच पद आहे. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांची जी आरोग्यवर्धिनी केंद्रे करण्यात आली आणि ज्यांस २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव देण्यात आले, तेथे हे अधिकारी काम करतात. त्यासाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र शिक्षणक्रम आहे, आणि बी. एस्सी. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात त्यातील भाग समाविष्टही केला आहे. हे काम मोलाचे आहे, परंतु ते म्हणजे नर्स प्रॅक्टिशनरची पदवी नव्हे. कोणी दलाल किंवा खाजगी संस्था सहा महिन्यांत "नर्स प्रॅक्टिशनर" करून देतो म्हणून शुल्क मागू लागली, तर तेथून उठून यावे.

आता आपण असा प्रश्न विचाराल, आणि तो विचारलाच पाहिजे, की एवढे केल्यावर मिळते काय? येथे गोड बोलणे हा आपला विश्वासघात ठरेल, म्हणून स्पष्ट सांगतो. अमेरिकेतील नर्स प्रॅक्टिशनरला तेथील अनेक राज्यांत स्वतंत्रपणे औषध लिहून देण्याचा अधिकार आहे. आपल्याकडे तसा सरसकट स्वतंत्र अधिकार नाही. येथील नर्स प्रॅक्टिशनर रुग्णालयाने ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीच्या व स्थायी आदेशांच्या चौकटीत, डॉक्टरांच्या सहकार्याने निर्णय घेते. शिवाय सरकारी रुग्णालयांत परिसेविका, पाठनिर्देशिका, अधिसेविका ही पदे जशी जुनी व निश्चित आहेत, तसे नर्स प्रॅक्टिशनरचे पद आस्थापनेवर सर्वत्र रुजलेले नाही. पदवी घेऊनही पुन्हा अधिपरिचारिकेच्याच जागेवर काम करावे लागण्याचा संभव आहे.

मग हा मार्ग सोडून द्यावा काय? माझे मत असे की सोडू नये, परंतु डोळे उघडे ठेवून धरावा. याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, पद आधी आणि शिकलेली माणसे मागाहून, असे आपल्या बाबतीत क्वचितच घडले. माणसे तयार झाली, त्यांनी मागणी केली, तेव्हा जागा निर्माण झाल्या. पद निर्माण होईल त्या दिवशी अर्ज करण्यास पात्र असे आपले कोणी नसेल, तर ती जागा दुसऱ्याची होईल, आणि मग आरक्षणाच्या रकान्यात "पात्र उमेदवार उपलब्ध नाही" एवढाच शेरा उरेल. तो शेरा आपण पुष्कळ वाचला आहे. दुसरे कारण असे की, या दोन वर्षांत मिळालेले ज्ञान पदाच्या नावावर अवलंबून नसते. अतिदक्षता विभागात रात्री तीन वाजता रोग्याचा श्वास अडखळतो, तेव्हा काय करावे हे जिला कळते, तिचे मोल सहकाऱ्यांस व डॉक्टरांस कळल्यावाचून राहत नाही.

याबरोबरच संघटितपणे मागणीही झाली पाहिजे. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत केला. कायदा बदलण्याचा काळ हा मागणी मांडण्याचा काळ असतो. नर्स प्रॅक्टिशनरची स्वतंत्र पदे निर्माण करा, त्यांची वेतनश्रेणी ठरवा, त्यांचे अधिकार कायद्यात लिहा, आणि त्या पदांस आरक्षणाचा नियम पहिल्या भरतीपासून लावा, अशी मागणी आपल्या परिचारिका भगिनींच्या संघटनांनी केली पाहिजे. केवळ सभेत टाळ्या वाजवून हे होणार नाही.

परदेशाविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण त्या नावाने आपल्या कुटुंबांची लूट होते. येथील नर्स प्रॅक्टिशनरची पदवी घेऊन अमेरिकेत जाऊन थेट नर्स प्रॅक्टिशनर होता येत नाही. प्रथम आपल्या शिक्षणाची तेथील निकषांवर छाननी व्हावी लागते, मग एनक्लेक्स ही परीक्षा उत्तीर्ण होऊन नोंदणीकृत परिचारिकेचा परवाना मिळवावा लागतो. त्यानंतर तेथील मान्यताप्राप्त विद्यापीठात पदव्युत्तर पदवी किंवा परिचर्येतील डॉक्टरेट, मग राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा आणि शेवटी त्या राज्याचा परवाना, असा लांब क्रम आहे. तो अशक्य नाही, परंतु तो एखाद्या दलालाच्या कचेरीत एका सहीने पूर्ण होत नाही. घराचे कागद गहाण ठेवण्यापूर्वी हे ध्यानात घ्या.

मग पैसा कोठून आणावा? १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक वर्षे आपणांस केंद्र सरकारच्या सवलती नाकारल्या गेल्या. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला, तेव्हा ते दार उघडले. त्या हक्काचा उपयोग न करणे म्हणजे ज्यांनी त्यासाठी चौतीस वर्षे झगडा दिला, त्यांच्या श्रमावर पाणी ओतणे होय. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षणासही लागू आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. परदेशी शिक्षणासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. प्रत्येकीस उत्पन्नाच्या, वयाच्या व संस्थेच्या अटी आहेत. त्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन चालू वर्षापुरत्या विचारून घ्याव्यात, कारण त्या बदलत असतात. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून मिळत नाहीत. मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच ती पेटीत तयार असावीत. केंद्राच्या योजनेसाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो, हेही विसरू नये. एका कागदाच्या अभावी वर्ष बुडालेले किती तरी विद्यार्थी आपल्या वस्तीत सापडतील.

शेवटी घरातील गोष्ट. मुलगा पुढे शिकतो म्हणाला, तर आपण कर्ज काढतो. मुलगी म्हणाली, तर आपण तिचे वय मोजतो. हा भेद आपण मागे टाकून आलो असे सभेत सांगतो, पण घरात तो अजून उंबऱ्याशी बसलेला आहे. नोंदणी, एक वर्षाचा अनुभव आणि दोन वर्षांचे शिक्षण मिळून पदवीनंतर तीन वर्षे लागतात. मुलगी बाविसाव्या वर्षी पदवीधर झाली, तर पंचविसाव्या वर्षी ती या पायरीवर उभी असेल. पंचवीस वर्षे हे काही उतारवय नव्हे. पहिल्या अनुभवाच्या वर्षात ती मिळवतीही असेल आणि घराची निकड त्या वर्षात काही अंशी भागेल. ज्या घरात सून परिचारिका म्हणून आली आहे, त्या घरातील सासूसासऱ्यांसही हेच सांगणे आहे. रात्रपाळी करून आलेल्या सुनेने सकाळी पुस्तक उघडले, तर चूल दुसऱ्या कोणी पेटवावी. ज्यांचा मुलगा या व्यवसायात आहे, त्यांनीही त्यास "बायकांचे काम" म्हणून हिणवू नये. अतिदक्षता विभागाचे हे दार त्यालाही तितकेच उघडे आहे.

१९१३ साली एक तरुण बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस शिकावयास गेला. घरी वडील नुकतेच वारले होते, संसार ओढग्रस्त होता आणि "आता नोकरी धर" म्हणण्यास कारणे भरपूर होती. त्याच्या शिक्षणाचे फळ आपण आज उपभोगीत आहोत. प्रत्येक घरातून तसा पुरुष निघेल असे मी म्हणत नाही. परंतु प्रत्येक घरात तसा निर्णय घेण्याची वेळ मात्र येते, आणि ती वेळ आपल्या घरी आज आली असेल.

तेव्हा आज रात्री मुलीने तो विषय पुन्हा काढला, तर तिला गप्प करू नका. कागद-पेन्सिल घेऊन तिच्याशेजारी बसा. नोंदणी झाली काय, गुण किती, अनुभव कोठे घेणार, कोणते महाविद्यालय परिषदेच्या मान्यतेचे आहे, वेतन मिळते काय, दाखले कोठे आहेत, हे तिला विचारा आणि उत्तरे लिहून काढा. ज्या उत्तरांपुढे जागा कोरी राहील, ती भरण्यासाठी उद्या सकाळी तिच्याबरोबर स्वतः जा.